आमच्या अक्कांची विमानं

आकाशात विमान दिसलं की माणसाची मान आपोआप वर जाते आणि मन थोडं हलकं होतं. माझ्या नणंदबाईंचं तसं नाही. विमान दिसलं की त्यांना आधी त्यातल्या रिकाम्या खुर्च्या दिसतात, मग जळणारं इंधन दिसतं आणि मग त्या शेजारच्याला हळूच विचारतात, "आज वार कोणता? मंगळवार ना? मग अर्धं रिकामंच असणार." विमानाकडे इतक्या काळजीनं पाहणारं दुसरं माणूस उभ्या खान्देशात सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगते.

आम्ही त्यांना अक्का म्हणतो. माझ्या नवऱ्याच्या त्या थोरल्या बहीण. शिंदखेड्याला कापूस पिकवणाऱ्या घरात वाढल्या, धुळ्याच्या कॉलेजात शिकल्या आणि मुंबईला जाऊन सी.ए. झाल्या. लग्न केलं नाही. स्थळं येत होती तेव्हा परीक्षा होत्या आणि परीक्षा संपल्या तोवर स्थळं संपली, असा तो सरळ हिशोब त्या स्वतःच सांगतात. दोनचार कंपन्या करून शेवटी त्या एका छोट्या विमान कंपनीच्या अर्थप्रमुख झाल्या आणि पुढे मुख्य कार्यकारी अधिकारी. कंपनीकडे विमानं चार, पंख्यांची, आणि चारही भाड्याची. मोठ्या कंपन्या जिथे फिरकत नाहीत अशा जळगावसारख्या गावांना ती जोडायची. मालक मूळचे बांधकामातले शेठ. त्यांना विमानं उडवायची हौस होती आणि त्या हौसेला दर महिन्याला किती मोल पडतं हे सांगायला त्यांनी अक्कांना नेमलं होतं.

शिंदखेड्याला माझे सासरे, आबा, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून लेकीबद्दल सांगत, "मन्ही आंडेर इमान चालाडस." अक्का सुट्टीत घरी असल्या की लगेच दुरुस्ती करत, "आबा, मी विमान चालवत नाही. हिशोब बघते." त्यावर आबा म्हणत, "हिशोब नीट चालना तं इमान चालस ना?" हे एक वाक्य आमच्या संचालक मंडळाला इतक्या वर्षांत समजलं नाही, असं म्हणून अक्का आत निघून जात.

बापलेकीचा सकाळचा कार्यक्रम पाहण्यासारखा असे. दोघं ओट्यावर चहा घेऊन बसत आणि दोघांच्या हातात मोबाइल. आबा कापसाचा भाव बघत, अक्का खनिज तेलाचा आणि डॉलरचा. डॉलर वधारला की कापूस परदेशी जातो, भाव चढतो आणि आबांचा चेहरा उजळतो. पण विमानांचं भाडं डॉलरमध्ये द्यायचं असल्यामुळे त्याच क्षणी त्याच ओट्यावर अक्कांचा चेहरा उतरतो. एकदा आबा मोठ्यानं म्हणाले, "डॉलर वाढना, अक्का!" अक्का म्हणाल्या, "आबा, निदान माझ्यासमोर तरी आनंद दाखवू नका हो." आबांनी कप खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "एक घरमा दोन नवस. देव कोना आयकी?"

वजन हा अक्कांचा दुसरा ध्यास. विमानात वजन म्हणजे इंधन आणि इंधन म्हणजे पैसा, हे त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं होतं की जमिनीवरसुद्धा त्यांना जड वस्तू बघवत नसे. त्यांनी आपल्या विमानांतली गुळगुळीत कागदाची मासिकं काढून टाकली, चहाच्या गाड्या हलक्या करून घेतल्या आणि एकदा म्हणे वैमानिकांच्या बॅगाही तोलल्या. आमच्याकडे जळगावला येताना त्यांच्या पर्समध्ये सामान तोलायचा एक आकड्याचा काटा असायचा. मी शाळेतून येऊन खांद्यावरची पिशवी टेकवली की त्या ती काट्याला लटकवत. "उजू, चार किलो! भूगोल शिकवतेस की दगड वाहतेस?" मी म्हणायची, "अक्का, भूगोलात दगडही असतात." पण त्यांचं लक्ष नसे. त्या एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत. सहामाहीच्या वह्या, दोन छत्र्या, डबा, कधीतरी आणलेली आणि विसरलेली हळकुंडं. परत जाताना मी दिलेले केळीचे वेफर्स मात्र त्या कधी तोलत नसत. ते मी त्यांना एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते हातातलं सामान."

आणि हे सगळं घेऊन त्या जायच्या रेल्वेनं! स्वतःच्या कंपनीचं विमान जळगावहून सुटायचं, तरी ह्या बाई स्टेशनवर. पगारी माणसानं विकता येणारी खुर्ची अडवायची नाही, असा त्यांचा नियम. माझ्या नवऱ्यानं एकदा चिडून विचारलं, "अक्का, हलवायानं कधी स्वतःची जिलेबी खायचीच नाही का?" अक्का म्हणाल्या, "खावी. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना नाही."

विमान हवेत असतं तेव्हाच कमावतं. जमिनीवर उभं राहिलं की खातं. म्हणून उतरलेलं विमान पंचवीस मिनिटांत पुन्हा उडालं पाहिजे, हा त्यांचा मंत्र. एका संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवाच्या वेळी त्या नेमक्या आमच्या घरी होत्या. पहिल्या खेपेच्या बायका तिळगूळ हातावर घेऊन नुकत्या कुठे सुनांच्या विषयावर आल्या होत्या, तेवढ्यात अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ज्यांचं झालं असेल त्यांनी कृपया आपलं सामान तपासून घ्या." बायका भांबावून उठल्या. अक्कांनी सतरंजी झटकली, गुलाबदाणी भरली आणि पुढच्या खेपेला आत सोडलं. त्या दिवशी तासाभरात माझ्या घरातून अख्खी कॉलनी गेली. आमच्या समोरच्या काकू अजून म्हणतात की त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं आहे.

पण ह्या सगळ्यावर कडी झाली ती आबांच्या पंच्याहत्तरीला. स्वयंपाकाचा आणि आमंत्रणांचा कारभार अक्कांनी आपल्याकडे घेतला. विमान कंपन्या खुर्च्यांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात, कारण काही माणसं येतच नाहीत. त्या धर्तीवर अक्कांनी आमंत्रणं दिली सहाशे आणि आचाऱ्याला सांगितली पाचशे चाळीस पानं. मी भीत भीत म्हटलं, "अक्का, हे शिंदखेडा आहे." त्या म्हणाल्या, "उजू, माणूस सगळीकडे सारखाच. दहातला एक येत नाही."

मे महिना होता, खापरावरचे मांडे होते आणि आमरस होता. अशा जेवणाला न येणारा माणूस खान्देशात अजून जन्मायचा आहे. सहाशेच्या सहाशे आले. दोंडाईच्याहून आलेल्यांनी सोबत आपले पाहुणे आणले आणि त्या पाहुण्यांनी आपली मुलं. मांडवात उभं राहायला जागा उरली नाही. अक्का क्षणभरच गडबडल्या. मग त्यांनी विमानतळावरची युक्ती काढली. ध्वनिक्षेपक हातात घेऊन जाहीर केलं, "जे पाहुणे आपणहून दुसऱ्या पंगतीला थांबतील त्यांना आमरसाची एक वाटी जास्त मिळेल."

पहिली पंगत उठून उभी राहिली. सगळीच्या सगळी. वाढलेली पानं तशीच आणि मांडवात एकही माणूस बसलेला नाही. आचारी कपाळाला हात लावून बसला. शेवटी आबा स्वतः उठले, ध्वनिक्षेपक लेकीच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बठ्ठा बसा रे भाऊ. रस बठ्ठास्ले भेटी." माणसं बसली. माझ्या नवऱ्यानं दोंडाईच्याला गाडी पिटाळून दोन हंडे शेवभाजी आणि पावाच्या लाद्या आणल्या आणि कसंबसं निभावलं. हात धुताना अक्का मला म्हणाल्या, "चूक माझी. मी माणसं मोजली, रस मोजला नाही."

एक गोष्ट मात्र खरी. आपल्याला न कळणारं शिकायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. एकदा संध्याकाळी आम्ही जळगावच्या भाजीबाजारात गेलो. एक म्हातारी मेथीच्या जुड्यांचा भाव उतरवून हाका मारत होती. अक्का थबकल्या. "मावशी, सकाळी भाव जास्त होता ना?" म्हातारी म्हणाली, "सकाळी ताजी व्हती. आता राहिली तर उद्या शिळी." अक्का पुढच्या क्षणी तिच्याशेजारी पोत्यावर बसल्या. "मग रोज संध्याकाळी भाव पाडता?" म्हातारी हसली. "रोज पाडला तर सकाळी कोण येईल ताई? कधी पाडते, कधी गायीला घालते. गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही." अक्का तासभर तिथेच बसल्या. मी दोन पिशव्या भरून आले तरी त्यांचं बोलणं संपेना. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "माझ्या ऑफिसात सात मुलं कॉम्प्युटर लावून हेच करतात. शेवटच्या तासाला तिकीट स्वस्त करावं की खुर्ची रिकामी न्यावी. खुर्ची तर दार लागलं की शिळी होते. पण ह्या बाईसारखा गायीला घालायचा धीर त्यांच्यात नाही."

अशा ह्या अक्का. त्यांची चेष्टा करण्यात आमची वर्षं मजेत चालली होती. मग एका नवरात्रात, भर आठवड्यात, काही न कळवता त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात छोटी बॅग. "दोन दिवस राहते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन माझी तांब्यापितळेची सगळी भांडी काढून चिंचेनं घासायला बसल्या. काटा काढला नाही, मोबाइल पाहिला नाही.

त्यांच्या कंपनीबद्दल पेपरात काहीबाही यायला लागलं होतं. आणि माझा जीव अडकला होता वेगळ्याच गोष्टीत. दिवाळीच्या सुट्टीसाठी आम्हा चौघांची गोव्याची तिकिटं मी त्याच कंपनीची काढली होती. एवढंच नाही, माझ्या शाळेतल्या तीन शिक्षिकांनी माझ्या शब्दावर आपापल्या घरची तिकिटं काढली होती. "आमच्या अक्कांची कंपनी आहे, डोळे मिटून घ्या," असं मीच सांगितलं होतं. दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"अक्का, पेपरात येतंय ते खरं का?"

"पेपरात बरंच येतं."

"आमच्या दिवाळीच्या तिकिटांचं काय होईल? मी बाकीच्यांनाही घ्यायला लावली आहेत."

त्यांनी हातातला तांब्या घासणं थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "उजू, हे मला विचारू नकोस. तुला उत्तर दिलं, तर ज्यांची नणंद माझ्या कंपनीत नाही त्यांनी कुणाला विचारायचं?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, खूप राग आला. घरच्या माणसाला एक शब्द सांगता येत नसेल तर कसली नणंद आणि कसलं काय! दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. निघताना मी वेफर्सचा पुडा काढून ठेवला होता, तो हातात द्यायचं मुद्दाम विसरले. त्यांनीही मागितला नाही.

मुंबईत काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. दोन विमानांची इंजिनं दुरुस्तीला परदेशी गेली होती आणि परत येण्याचं चिन्ह नव्हतं. उरलेल्या दोन विमानांचं भाडं थकलं होतं आणि विमानांच्या मूळ मालकांनी, पैसे भरा नाहीतर विमानं नेतो, अशी नोटीस दिली होती. शेठ बैठकीत म्हणाले, "दिवाळीची तिकिटं विकत राहा. येतील त्या पैशांतून भाडं भरू. पुढचं पुढे." अक्कांनी विचारलं, "आणि तरीही विमानं नेली तर?" शेठ म्हणाले, "मग लोकांना पैसे परत करू. सावकाश." अक्कांनी टेबलाभोवतीच्या एकेका संचालकाकडे पाहिलं. सगळे चहाच्या कपात पाहत होते.

अक्कांचा एक जुना हट्ट होता. प्रवासी उतरेपर्यंत पैसा त्याचा, आपण फक्त सांभाळणारे, असं म्हणून आगाऊ विकलेल्या तिकिटांची रक्कम त्यांनी वेगळ्या खात्यात ठेवायला लावली होती. शेठना ते कधीच आवडलं नव्हतं. आता त्यांचा डोळा त्या खात्यावर होता. आमच्याकडून परत गेल्यावर सोमवारी सकाळी अक्कांनी दिवाळीची विक्री बंद केली आणि त्या खात्यातून लोकांचे पैसे परत पाठवायला सुरुवात केली. ज्यानं ज्या क्रमानं तिकीट घेतलं त्याच क्रमानं. हे सगळं सुरू झाल्यावर त्या शेठच्या खोलीत गेल्या आणि काय केलं ते सांगितलं. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "शेठ उभे राहिले, मी बसून राहिले," एवढंच.

माझे पैसे आले बुधवारी, आठवीच्या तासाला. मोबाइल वाजला, मी पाहिलं आणि फळ्यावर नर्मदेला पूर्वेकडे वाहवलं. शिक्षकखोलीत बाकीच्या तिघींचे मोबाइलही वाजले होते. त्या माझे आभार मानत होत्या आणि मला कुठे तोंड लपवावं ते समजत नव्हतं. शुक्रवारी शेवटच्या प्रवाशाचा पैसा परत गेला. शनिवारी अक्कांना काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात विमानं गेली आणि कंपनीला कुलूप लागलं. खालच्या लोकांना शेवटचा पगार अर्धा मिळाला. वरच्यांना मिळालाच नाही. अक्का वरच्यांत होत्या.

दिवाळीला त्या आमच्याकडेच होत्या. पाडव्याच्या सकाळी त्यांना एक फोन आला. नशिराबादची एक मुलगी त्यांच्या कंपनीत हवाई सुंदरी होती. केळीचा मळा असलेल्या घरातली. अक्कांनीच तिला निवडलं होतं. मी शेजारी चकल्या तळत होते आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, तुम्ही प्रवाशांचे पैसे दिले. आमचं काय? दिवाळी होऊ दिली असती तर कंपनी वाचलीही असती."

अक्का म्हणाल्या, "वाचलीही असती."

"मग तुम्ही असं का केलं?"

"नसती वाचली तर, म्हणून."

"पण वाचली असती तर?"

अक्कांनी फोन तोंडाजवळ घेतला. "ते मला माहीत नाही गं," म्हणाल्या. पलीकडून फोन बंद झाला. अक्कांना एखाद्या आकड्याबद्दल माहीत नाही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

भाऊबीज झाल्यावर त्यांनी आमचं जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. कंपनीतल्या प्रत्येक माणसाची यादी केली आणि देशातल्या जेवढ्या विमान कंपन्यांत त्यांची ओळख होती तिथे फोन लावायला सुरुवात केली. वैमानिक, मेकॅनिक, तिकीट खिडकीवरची पोरं, सफाईवाल्या बायका, सगळ्यांसाठी. कंपनी बंद पडली तरी तिचं कार्यालय आमच्या घरात चार महिने चाललं. आम्ही जमिनीवर बसून जेवायचो. मला त्यांनी स्वागतकक्षात नेमलं. "उजू, फोन तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा आणि 'कोण बोलतंय' असं खेकसायचं नाही." माझ्या नवऱ्याला शिपाई केलं. पापडाच्या डब्यावर फायली आणि देवघरात प्रिंटर. उन्हाळा लागेपर्यंत यादीतली बहुतेक नावं खोडली गेली. नशिराबादच्या मुलीचं नावही खोडलेलं मी पाहिलं, पण त्या मुलीला फोन अक्कांनी स्वतः केला नाही, दुसऱ्याकडून करवला.

मग त्या शिंदखेड्याला आबांजवळ राहायला गेल्या. तिथल्या एका जिनिंग कारखान्याचा कारभार बघतात. कारखानदार आबांना भेटून म्हणतो, "बाई हुशार शे, पन मन्हा चहा बी मोजस." आबा खूश.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे शिंदखेड्याला होतो. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधले होते, मुली गाणी म्हणत होत्या. दुपारी दारात एक रिक्षा थांबली आणि एक पंचविशीची मुलगी उतरली. साध्या पंजाबी ड्रेसमधली. हातात मिठाईचा पुडा. अक्कांनी तिला लगेच ओळखलं. मला ओळखायला तिचा आवाज ऐकावा लागला.

"माहेरी आले होते, मॅडम. म्हटलं जाऊन यावं."

ती ओट्यावर बसली. अक्काही बसल्या. मी तिच्या प्रवासाचं विचारलं, उन्हाचं विचारलं. पाडव्याच्या फोनबद्दल तिनं काही काढलं नाही आणि अक्कांनीही नाही. शेवटी अक्कांनी विचारलं, "नवी कंपनी कशी आहे?"

"मोठी आहे. काम खूप आहे."

"पगार?"

"मिळतो, मॅडम."

"किती ते नाही विचारत. कितव्या तारखेला?"

"एक तारखेला. सकाळीच मेसेज येतो."

"एक तारखेला," अक्का म्हणाल्या. "सकाळीच?"

"हो, मॅडम. एकदाही चुकला नाही."

अक्का मान हलवत उठल्या. "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. बराच वेळ झाला तरी चहा येईना, म्हणून मी आत गेले. गॅस पेटलेला होता, पाणी उकळून उकळून निम्मं झालं होतं आणि अक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"साखर सापडत नाहीये," त्या न वळता म्हणाल्या.

साखरेचा डबा त्यांच्या समोरच होता. मी तो त्यांच्या हाताजवळ सरकवला, पातेल्यात आणखी एक पेला पाणी ओतलं आणि बाहेर येऊन त्या मुलीशी गप्पा मारत बसले. नशिराबादचे मळे, तिची आई, झोक्यावरच्या मुली, सुचेल ते विचारत राहिले. आत हवा तेवढा वेळ मिळावा म्हणून.